रिपोर्टमध्ये ‘बायकॉर्न्युएट युटेरस’ आलंय, पडदा काढायचं ऑपरेशन करून घेऊ का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: वय २७, सासर कोल्हापुरात, माहेर चंदगड तालुक्यात. पहिल्यांदा दिवस राहिले, नवव्या आठवड्यात बाळाचे ठोके बंद पडले, पिशवी साफ करावी लागली. त्यानंतरच्या सोनोग्राफीत ‘बायकॉर्न्युएट युटेरस’ असं लिहून आलं. एका डॉक्टरांनी दुर्बिणीतून पडदा काढून घ्या म्हणून सांगितलं, दुसऱ्यांनी काहीच करू नका म्हटलं. घरात ‘पिशवीतच दोष आहे’ अशी बोलणी सुरू झाली आहेत. ऑपरेशन करून घ्यावं का?

ताई, आधी तुमचा रिपोर्ट आणि तुम्हाला मिळालेला सल्ला शेजारी शेजारी ठेवून बघा. रिपोर्ट म्हणतो बायकॉर्न्युएट, सल्ला आहे पडदा काढायचा. या दोन गोष्टी एकमेकींशी जुळत नाहीत. बायकॉर्न्युएट पिशवी बाहेरूनच दुभागलेली असते, तिच्यात काढण्याजोगा पडदा नसतो. पडदा असतो तो सेप्टेट पिशवीत. म्हणजे एक तर रिपोर्टमधलं नाव चुकलंय, नाहीतर सल्ला चुकलाय. यातलं कोणतं, हे साध्या सोनोग्राफीवरून कुणालाच छातीठोकपणे सांगता येणार नाही. त्यामुळे ऑपरेशनचा प्रश्न तूर्त बाजूला ठेवा. आकार नेमका कोणता, हे आधी ठरू दे. गर्भ त्या आकारामुळेच गेला का, हे त्यानंतर बघू.

मूल न झालेल्या बाईची गर्भपिशवी साधारण ७ ते ८ सेंटीमीटर लांब, वरच्या बाजूला ५ सेंटीमीटर रुंद आणि अडीच सेंटीमीटर जाड असते. वरच्या गोलसर माथ्याला फंडस म्हणतात. खालचा अडीच-तीन सेंटीमीटरचा भाग म्हणजे पिशवीचं तोंड, सर्व्हिक्स. आतली पोकळी त्रिकोणी असते, तिच्या वरच्या दोन कोपऱ्यांत दोन बाजूंच्या बीजवाहक नळ्या उघडतात. पोकळीला आतून जे अस्तर असतं तेच दर महिन्याला पाळीत बाहेर पडतं. त्याच्या बाहेर स्नायूचा जाड थर असतो आणि सगळ्यात वर एक पातळ आवरण. ‘आत काय आहे’ आणि ‘बाहेरून माथा कसा आहे’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत, एवढं डोक्यात ठेवा. तुमच्या बाबतीतला घोळ तिथेच झालाय.

मुलगी आईच्या पोटात असते तेव्हा तिची पिशवी दोन वेगळ्या नळ्यांपासून बनते. साधारण आठव्या ते दहाव्या आठवड्याच्या सुमारास या नळ्या खालच्या भागात एकमेकींना जुळतात. जुळल्यावर मध्ये जी भिंत उरते ती हळूहळू विरत जाते आणि विसाव्या आठवड्यापर्यंत एकच पोकळी तयार होते. नळ्या वरच्या भागात जुळल्या नाहीत, तर पिशवी बाहेरूनही दुभागलेली राहते, वर दोन शिंगं असल्यासारखी; ती बायकॉर्न्युएट. जुळणी नीट झाली पण मधली भिंत विरली नाही, तर बाहेरून पिशवी एकसंध दिसते आणि आत पडदा राहतो, ती सेप्टेट. अजिबातच जुळल्या नाहीत तर दोन पिशव्या, दोन तोंडं. एकच नळी वाढली तर एकाच शिंगाची पिशवी. यातला कुठला ना कुठला फरक शंभरातल्या साधारण पाच बायकांत असतो आणि त्यांतल्या कित्येकींना तो जन्मभर कळतही नाही. हे सगळं तुमच्या जन्माच्या कितीतरी आधी ठरलेलं आहे. लग्नानंतर काय खाल्लंत, किती वजन उचललंत, पाळीत काय पाळलं नाहीत, याचा त्याच्याशी काडीचाही संबंध नाही. घरात बोलणी होत असतील तर हा परिच्छेद सरळ त्यांच्यापुढे ठेवा.

आता साध्या सोनोग्राफीत नाव का चुकतं ते सांगतो. तपासणारा पिशवीच्या माथ्याजवळ आडवा छेद घेतो. तिथे अस्तराचे एकाऐवजी दोन पांढरे ठिपके दिसले की पोकळी दुभागली आहे एवढं कळतं. पण पडदा असला तरी दोन ठिपके दिसतात आणि दोन शिंगं असली तरी दोनच. फरक कळायला पिशवी समोरून, उभ्या पातळीत, माथ्याच्या बाहेरच्या रेषेसकट दिसावी लागते. त्या पातळीला कोरोनल म्हणतात आणि साध्या प्रोबने ती बहुतेक वेळा मिळत नाही. मग रिपोर्टमध्ये सवयीने बायकॉर्न्युएट लिहिलं जातं. असा रिपोर्ट आला की मी त्याचा अर्थ ‘पोकळी दुभागलेली आहे, पुढची तपासणी करा’ एवढाच घेतो.

पुढची तपासणी म्हणजे आतून केलेली थ्रीडी सोनोग्राफी. कोल्हापुरात ही सोय असलेली केंद्रं आहेत, पण जाण्याआधी फोन करून दोन गोष्टी विचारून घ्या: योनीमार्गातून वापरायचा थ्रीडी प्रोब आहे का, आणि पिशवीची कोरोनल इमेज छापून देता का. बाळाचा चेहरा दाखवणारी पोटावरची थ्रीडी इथे उपयोगाची नाही. दिवसही नीट निवडा. पाळी संपल्या संपल्या अस्तर तीन-चार मिलिमीटरचं असतं, पोकळीची कड पुसट दिसते. पाळीच्या सोळाव्या ते पंचविसाव्या दिवसांत अस्तर जाड आणि पांढरं होतं, तेव्हा पोकळीचा आकार कागदावर काढल्यासारखा स्पष्ट येतो. त्या महिन्यात दिवस राहण्याची शक्यता असेल तर तसं आधी सांगा. लघवी करून, मूत्राशय रिकामं ठेवून जायचं. शक्य असेल तर पिशवी साफ केल्यानंतर एक-दोन पाळ्या नियमित येऊन जाऊ द्यात आणि मगच ही तपासणी करा.

एचएसजी, म्हणजे नळ्या तपासायला औषध सोडून काढलेला एक्स-रे, इथे पुरेसा नाही. त्यात फक्त पोकळी दिसते, बाहेरचा माथा दिसतच नाही. थ्रीडीत शंका राहिली, तोंडं दोन असल्याचा संशय आला किंवा एक शिंग बंद वाटलं, तर एमआरआय करावा. केवळ आकार बघायला पोटातून दुर्बीण घालणं पूर्वी चालायचं. चांगली थ्रीडी मिळाली तर आता त्याची गरज उरत नाही.

थ्रीडीच्या चित्रात काय मोजायचं तेही समजून घ्या, म्हणजे रिपोर्ट हातात आला की तुम्हाला वाचता येईल. दोन्ही नळ्या पोकळीत जिथे उघडतात ते दोन कोपरे एका रेषेने जोडायचे. मधला भाग त्या रेषेपासून खाली किती उतरलाय ते मोजायचं: ही आतली खाच. मग बाहेरच्या माथ्याकडे बघायचं. माथा गोल, सपाट किंवा १ सेंटीमीटरपेक्षा कमी दबलेला असेल आणि आतली खाच १ सेंटीमीटरहून खोल, तिचा कोन ९० अंशांपेक्षा लहान असेल, तर ती सेप्टेट. माथाच १ सेंटीमीटरहून जास्त खचलेला असेल, पिशवी बाहेरून पत्त्यातल्या बदामासारखी दिसत असेल, तर ती बायकॉर्न्युएट. आतली खाच १ सेंटीमीटर किंवा त्याहून कमी आणि कोन पसरट, तर तिला आर्क्युएट म्हणतात. तो सर्वसामान्य आकार समजायचा आणि विसरून जायचं.

ही मोजमापं अमेरिकन संस्थेच्या २०२१ च्या वर्गीकरणातली आहेत. युरोपातल्या २०१३ च्या वर्गीकरणात सेंटीमीटरऐवजी भिंतीच्या जाडीशी तुलना करतात: आतली खाच भिंतीच्या जाडीच्या निम्म्याहून जास्त असली की सेप्टेट. समजा तुमची भिंत १० मिलिमीटर जाड आहे आणि खाच ७ मिलिमीटर. युरोपच्या मापाने तुम्हाला पडदा आहे, अमेरिकेच्या मापाने तुमची पिशवी नॉर्मल आहे. पिशवी तीच! एका डॉक्टरांनी ऑपरेशन सांगावं आणि दुसऱ्यांनी नको म्हणावं, यामागे कधी कधी एवढंच कारण असतं. म्हणून रिपोर्टमध्ये नुसतं नाव नको, आकडे मागून घ्या: बाहेरची खाच किती मिलिमीटर, आतली किती, भिंत किती जाड.

आता मुद्दा गर्भ कशामुळे गेला याचा. दिवस राहिलेल्या शंभर बायकांपैकी साधारण पंधराजणींचा गर्भ पहिल्या काही महिन्यांत जातो आणि त्यात पिशवी अगदी नॉर्मल असलेल्याच बहुसंख्य असतात. पहिल्या तीन महिन्यांत थांबलेल्या गर्भांपैकी निम्म्याहून अधिक गर्भांत गुणसूत्रांचा बिघाड सापडतो. तो त्या एका गर्भापुरता असतो, पुढच्या वेळी तोच यावा असं नाही. नवव्या आठवड्यात एकदा ठोके थांबले, एवढ्यावरून सगळं खापर पिशवीच्या आकारावर फोडता येत नाही. पडद्यामुळे गर्भपाताचं प्रमाण वाढतं हे खरं आहे. पडद्यावर रक्तपुरवठा आणि अस्तर कमी प्रतीचं असतं, असं त्याचं कारण दिलं जातं. बायकॉर्न्युएट पिशवीत त्रास जास्त करून पुढच्या महिन्यांत होतो, कारण तिथे प्रश्न जागेचा असतो. दिवस राहायला मात्र या दोन्ही आकारांची सहसा आडकाठी नसते, आणि तुम्हाला राहिलेही होतेच.

थायरॉइड, साखर आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या. रक्तगट निगेटिव्ह असेल तर पिशवी साफ केल्यावर पुढच्या बाळाच्या संरक्षणासाठीचं अँटी-डी इंजेक्शन दिलं होतं का, ते डिस्चार्ज कार्डवर बघा. फॉलिक अॅसिड दिवस राहण्याच्या किमान महिनाभर आधी सुरू करा. रक्तात गुठळ्या करणाऱ्या अँटीबॉडीजच्या महागड्या चाचण्या साधारणपणे दोन गर्भपातांनंतर किंवा दहाव्या आठवड्यानंतर गर्भ गेला तर करतात. आणखी एक गोष्ट नीट आठवून सांगा: पिशवी साफ केल्यापासून पाळी खूप कमी झाली आहे का? तसं असेल तर आत चिकटून तयार झालेला पट्टाही सोनोग्राफीत पडद्यासारखा दिसू शकतो. आपल्याकडे पिशवीच्या टीबीमुळेही पोकळी आक्रसून वेड्यावाकड्या आकाराची होते, आणि तो जन्मजात फरक समजला जाण्याचा धोका असतो.

समजा थ्रीडीत खरोखर पडदा निघाला. तरीही लगेच ऑपरेशन करायचं का, याबद्दल तज्ज्ञांत आज एकमत नाही. वर्षानुवर्षं पडदा काढल्यावर मुलं झाल्याचे अनुभव छापून आले, पण त्यांत न काढलेल्या बायकांशी तुलनाच नव्हती. २०२१ मध्ये अनेक देशांतल्या ८० बायकांवरचा एक तुलनात्मक अभ्यास प्रसिद्ध झाला. कोणाचा पडदा काढायचा आणि कोणाचा ठेवायचा हे त्यात चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवलं होतं. पडदा काढलेल्यांपैकी ३१ टक्के बायकांना मूल झालं, न काढलेल्यांपैकी ३५ टक्के. अभ्यास लहान आहे, त्यावरून ऑपरेशन कायमचं निकालात काढता येणार नाही. पण ‘पडदा दिसला की कापा’ हे म्हणणंही आता टिकत नाही.

माझा स्वतःचा कल सांगतो. एकच गर्भपात, तोही बारा आठवड्यांच्या आत, वय तिशीच्या आत आणि पडदा लहान असेल, तर मी एकदा तसंच दिवस राहू द्यायला सांगतो. दोन किंवा अधिक गर्भपात झाले असतील, किंवा एकच पण चौथ्या-पाचव्या महिन्यात गेला असेल, आणि पडदा १ सेंटीमीटरहून स्पष्टपणे मोठा असेल, तर वरच्या अभ्यासाची माहिती देऊन ऑपरेशनचा पर्याय पुढे ठेवतो. पडदा पार तोंडापर्यंत आलेला असेल तर माझं पारडं ऑपरेशनकडे लवकर झुकतं. निर्णय तुमचा आणि तुमच्या डॉक्टरांचा. इथे कल सांगितला तो विचार कसा करायचा हे कळावं म्हणून.

ऑपरेशन ठरलंच तर ते हिस्टेरोस्कोपीने, म्हणजे योनीमार्गातून पिशवीत घातलेल्या दुर्बिणीने होतं, पोटावर चीर नसते. पाळी संपल्यावर लगेचचे दिवस निवडतात, कारण अस्तर पातळ असतं आणि समोरचं स्वच्छ दिसतं. पोकळी द्रवाने फुगवून पडदा खालच्या टोकापासून मधोमध, वरच्या दिशेने कापत जातात. बारीक कात्रीने किंवा विजेच्या तारेने. पडदा पांढुरका असतो आणि त्यातून रक्त कमी येतं. गुलाबी स्नायू दिसायला लागला, रक्त येऊ लागलं आणि दोन्ही नळ्यांची तोंडं एकाच नजरेत आली की थांबायचं. माथ्याची निदान १ सेंटीमीटर जाडी शिल्लक राहिली पाहिजे, आणि ती राखायला ऑपरेशन चालू असताना पोटावरून सोनोग्राफी लावून ठेवणं फार उपयोगी पडतं. काही मिलिमीटर पडदा उरला तर बिघडत नाही. जास्त कापलं तर पिशवीला भोक पडू शकतं, आणि माथा पातळ झाला तर पुढच्या गरोदरपणात तो फाटण्याचा क्वचित पण गंभीर धोका राहतो. म्हणूनच आकाराचं निदान आधी पक्कं हवं: बायकॉर्न्युएट पिशवीत पडदा समजून कात्री चालवली तर ती थेट पोटात निघते, कारण तिथे पलीकडे माथाच नसतो.

सर्जनना विचारा की द्रव कोणता वापरणार आणि आत गेलेल्या-बाहेर आलेल्या द्रवाचा हिशेब कोण ठेवणार. सलाईन वापरलं तर निरोगी तरुण बाईत अडीच लिटर शरीरात मुरणं ही मर्यादा मानतात, ग्लायसीन वापरलं तर एकच लिटर. त्यापुढे रक्तातलं सोडियम घसरतं, फुप्फुसांत पाणी साचतं. ऑपरेशननंतर एक-दोन महिने थांबून थ्रीडीने पुन्हा बघायचं, आत काही चिकटलेलं नाही ना याची खात्री करायची आणि मग दिवस राहू द्यायचे.

थ्रीडीत खरीच बायकॉर्न्युएट निघाली तर दुर्बिणीच्या ऑपरेशनचा विषयच संपला. पोट उघडून दोन शिंगं जोडण्याचं एक मोठं ऑपरेशन आहे, पण त्याची वेळ फार क्वचित येते. अशा पिशवीत काळजी गरोदरपणातच घ्यायची असते, आणि तीही पहिल्या सोनोग्राफीपासून. दिवस राहिले की सहाव्या-सातव्या आठवड्यात आतून सोनोग्राफी करा आणि तपासणाऱ्याला पिशवीचा आकार आधीच सांगा. गर्भ एका शिंगात, कडेला असतो. माहिती नसेल तर तो पोकळीबाहेर, नळीच्या कोपऱ्यात राहिलेला गर्भ समजून त्याची वाढ थांबवणाऱ्या मेथोट्रेक्सेटचं इंजेक्शन दिलं जाऊ शकतं आणि चांगला गर्भ जातो. दुर्दैवाने पुन्हा पिशवी साफ करायची वेळ आली, तर ती सोनोग्राफीखालीच करायला सांगा, नाहीतर रिकामं शिंग साफ होतं आणि गर्भ दुसऱ्यात तसाच राहतो.

पुढे सोळाव्या ते चोविसाव्या आठवड्यापर्यंत दर दोन आठवड्यांनी पिशवीच्या तोंडाची लांबी आतून मोजावी. ती २५ मिलिमीटरच्या खाली गेली तर रात्री योनीमार्गात ठेवायचं प्रोजेस्टेरॉन देतात. पिशवीच्या तोंडाला टाका घालायचा की नाही हे लांबी आणि आधीच्या इतिहासावर ठरतं. केवळ आकार वेगळा आहे म्हणून टाका घालू नये. अठ्ठाविसाव्या आठवड्यापासून बाळाची वाढ दर चार आठवड्यांनी बघायची. अशा पिशवीत मूल पायाळू किंवा आडवं राहण्याची शक्यता जास्त असते, कारण त्याला फिरायला जागा कमी पडते. डोकं खाली असेल आणि बाकी सगळं ठीक असेल तर नैसर्गिक बाळंतपण होऊ शकतं. आकार म्हणजे सिझरच, असा नियम नाही.

माहेरपणाचा विचार आत्ताच करून ठेवा. सातव्या महिन्यात चंदगडला जायचं म्हणाल, तर तोच महिना दिवस भरण्याआधी कळा सुरू होण्याच्या दृष्टीने जोखमीचा आहे. चंदगडहून कोल्हापूर शंभर किलोमीटरहून लांब, त्यापेक्षा बेळगाव जवळ. जायचंच असेल तर नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग असलेल्या बेळगावच्या एखाद्या रुग्णालयात आधीच नाव नोंदवा, फाइलची प्रत तिथे द्या. नाहीतर डोहाळजेवण करून परत या आणि आईलाच कोल्हापूरला बोलवा. पोट वारंवार कडक होणं, कंबर दुखणं किंवा पाणी जाणं सुरू झालं तर सकाळपर्यंत थांबायचं नाही. ३४ आठवड्यांच्या आत कळा आल्या तर बाळाच्या फुप्फुसांसाठी डेक्सामेथासोन ६ मिलिग्रॅमची ४ इंजेक्शनं १२-१२ तासांनी देतात. त्यांचा पूर्ण उपयोग व्हायला वेळ लागतो, म्हणून लवकर पोहोचणं महत्त्वाचं.

एक शक्यता क्वचितची, पण थ्रीडी करताना नक्की बघून घ्यायला सांगा: एक शिंग पूर्ण वाढलेलं आणि दुसरं अर्धवट. अर्धवट शिंगात अस्तर असेल आणि त्याला खाली वाट नसेल तर दर पाळीला रक्त आत साचतं, एका बाजूला जीवघेणं दुखतं. त्या शिंगात गर्भ राहिला तर ते बहुधा चौथ्या ते सहाव्या महिन्यात फुटतं आणि आईच्या जिवावर बेततं. असं शिंग दिवस राहण्याआधीच पोटातून घातलेल्या दुर्बिणीने काढून टाकायचं, इथे ‘थांबून बघू’ नाही. साध्या सोनोग्राफीत हेही बायकॉर्न्युएट म्हणूनच लिहिलं जाऊ शकतं.

त्याच बैठकीत दोन्ही किडन्याही बघून घ्या. पिशवी आणि मूत्रमार्ग पोटात शेजारी शेजारी आणि एकाच काळात घडतात. एकाच शिंगाची पिशवी असलेल्या दहा बायकांपैकी साधारण चौघींच्या किडनीत फरक असतो. एक किडनी नसणं हा त्यातला नेहमीचा. एकच किडनी असेल तर गरोदरपणात रक्तदाब आणि लघवीच्या तपासण्या जास्त काटेकोर कराव्या लागतात. आणि मधल्या काळात पाळणा लांबवायचा असेल तर पोकळी दुभागलेली असताना कॉपर-टी बसवू नका. एका बाजूला ती बसते, दुसरी बाजू मोकळी राहते.

थ्रीडी झाली की तीन आकडे इथे लिहा: माथ्याची बाहेरची खाच, आतली खाच आणि भिंतीची जाडी. सोबत दोन्ही किडन्यांचा शेरा आणि पिशवीचं तोंड एक आहे की दोन, तेही टाका. नाव-पत्ता झाकून कोरोनल इमेजचा फोटो लावलात तर पुढचं जास्त नेमकं सांगता येईल.